कंपोस्टेबल कचरा पिशव्या: पिशवी चांगली, दावा मात्र अर्धवट

ओल्या कचऱ्यासाठी या पिशव्या बरेच महिने वापरतेय. पिशवी म्हणून तक्रार नाही. पातळ आहे, हाताला मऊ लागते, भरून उचलली तरी फाटत नाही, फक्त पाणी सुटणारा कचरा दोन दिवस तसाच ठेवला तर तळ ओला होऊन ताणायला लागतो, म्हणून रोजच्या रोज बांधून टाकलेली बरी. आणि एकदम साठा करू नका, पडून राहिल्या की ठिसूळ होतात.

आता मुख्य मुद्दा. पाकिटावर समोर मोठ्ठं "बायोडिग्रेडेबल" आणि मागे बारीक अक्षरात "इंडस्ट्रियल कंपोस्टिंगसाठी". सगळी गोम तिथेच आहे! घरच्या कंपोस्टच्या डब्यात टाकून बघितली. कचऱ्याचं काळं भुसभुशीत खत झालं तरी पिशवी संपलेली नव्हती, ओल्या साली जिथे टेकल्या होत्या तिथे भोकं पडली, मग चिंध्या झाल्या, पण गाठ आणि तळाची जाड शिवण खत चाळताना चाळणीत जशीच्या तशी.

कारण असं की या पिशव्यांमध्ये स्टार्च असतं, सोबत पीबीएटी (लवचिक, कुजू शकणारं प्लॅस्टिक) आणि बऱ्याचदा थोडं पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून बनवलेलं प्लॅस्टिक). स्टार्च जिवाणू आणि बुरशी पटकन खातात. पीएलएच्या लांब साखळ्या मात्र आधी पाण्याने तुटाव्या लागतात, मगच जिवाणूंना त्यात काही खाता येतं, आणि ते भराभर व्हायला ६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. मोठ्या प्लांटमधला ढीग तेवढा तापतो, घरचा डबा नाही तापत. युरोपातलं कंपोस्टेबल पॅकिंगसाठीचं ईएन १३४३२ सर्टिफिकेटसुद्धा तसल्या गरम कंपोस्टचंच आहे: १२ आठवड्यांनी २ मिमीच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत आणि ६ महिन्यांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. माती, नाला, समुद्र यांच्याबद्दल त्यात काहीच नाही.

२०१९ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाचा अभ्यास आला होता. त्यातली बायोडिग्रेडेबल म्हणून विकली जाणारी पिशवी माती आणि समुद्रात ३ वर्षं राहूनही सामान उचलू शकत होती!! कंपोस्टेबल पिशवी समुद्रात ३ महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनीही होती, फक्त वजन पेलत नव्हती. म्हणजे पिशवी तीच, जागा बदलली की निकाल बदलतो.

"ऑक्सो-बायोडिग्रेडेबल" लिहिलेल्या तर घेऊच नका. ते साधं पॉलिथीनच, त्यात तुकडे लवकर पडावेत म्हणून रसायन घातलेलं, आणि ते तुकडे मातीत राहतात. युरोपियन युनियनने २०१९ च्या कायद्यात त्यावर बंदी घातलीय ती उगाच नाही.

कुणीतरी म्हणेलच की प्लॅस्टिक खाणारा जिवाणू सापडलाय ना. सापडलाय, जपानमध्ये, इडिओनेला साकाएन्सिस, २०१६ ला जाहीर झाला, पण तो खातो पीईटी, बाटल्यांचं प्लॅस्टिक, तेही लॅबमध्ये पातळ फिल्म ३० अंशांना ठेवून ६ आठवडे लागले. पॉलिथीनची कार्बन-कार्बन साखळी त्याला तुटत नाही.

माझ्याकडून ५ पैकी ३. तुमचा कचरा खरंच कंपोस्टिंग प्लांटला जात असेल तर बिनधास्त घ्या. घरी खत करत असाल तर "होम कंपोस्टेबल" सर्टिफिकेट बघूनच घ्या, नाहीतर कचरा डब्यात सरळ ओता आणि पिशवी बाजूला ठेवा. कंपनीने "इंडस्ट्रियल" हा शब्द आणि लागणारं तापमान पाकिटाच्या समोर छापलं तर मी आनंदाने एक स्टार वाढवेन.