मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेला मायक्रोस्केल (अगदी थोड्या द्रावणात प्रयोग करायचा) सेट, एक सेमिस्टर वापरून झाल्यावर

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबसाठी घेतला होता. २ मिलीच्या ब्युरेट (खाली तोटी असलेल्या मापाच्या नळ्या), १ मिलीच्या पिपेट (ठरावीक माप उचलायच्या नळ्या), ड्रॉपर बाटल्या आणि छोटे छोटे खड्डे असलेले प्लास्टिकचे ट्रे. दुकानाचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रार आहे म्हणून.

घ्यायचं कारण डायक्रोमेट, क्रोमियमचं नारिंगी, विषारी रसायन. मोहर सॉल्टचं (लोहाचा एक क्षार) टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून डायक्रोमेट थेंब थेंब सोडून त्याचं प्रमाण मोजणं, केलेल्यांना माहितीये, १० मिली पिपेटने घ्यायचं, साधारण तेवढंच ब्युरेटमधून जातं, तीन रीडिंग, म्हणजे एका मुलाचे ६० मिली आणि वीस जणांच्या बॅचचे १२०० मिली, धुतलेलं पाणी वेगळंच. त्यात फ्लास्कमधलं क्रोमियम तरी ३+ (कमी विषारी रूप) झालेलं असतं, पण ब्युरेटच्या तळाशी जे नारिंगी उरतं ते ६+, कॅन्सरवालं, आणि खरं सांगू का, इतकी वर्षं ते सरळ सिंकमध्ये जायचं, तिथून गटार, तिथून खाडी. मग कॅन ठेवायला लागलो तर कॅन भरत राहिले, घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे ९० दिवसांच्या वर साठवायचे नाहीत आणि तळोजाच्या घातक कचरा केंद्राला पाठवायचे तर त्याचे कागद करत बसा.

आता तेच प्रॅक्टिकल एका मुलामागे ६ मिलीत होतं, अख्ख्या बॅचचं १२०! उरलेल्या नारिंगीत ॲसिड असतंच, थोडं फेरस सल्फेट टाकून ६+ चं ३+ करतो, मग सोडा घालून गाळ बसवतो. कॅनमध्ये फक्त तो गाळ.

पण पहिल्या दिवशी एकाचंही रीडिंग जुळेना. ब्युरेटचं नोझल जाड, एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. १० मिलीत तो अर्धा टक्का, खपून जातो, १ मिलीत तोच पाच टक्के झाला ना, हिरव्याचं जांभळं होतं तो एंडपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, एका थेंबातच ओलांडला जायचा. शेवटी आमच्या लॅबच्या मामांनी शेजारच्या बायोवाल्यांकडून मायक्रोपिपेटच्या पिवळ्या टिपा आणून नोझलवर बसवल्या, थेंब बारीक झाला, रीडिंग जुळायला लागली. हे खरं तर दुकानदाराने द्यायला हवं होतं.

ट्रे मात्र घेऊ नका. "सगळं चालतं सर" म्हणाला होता, एका मुलीने ॲसिटोनने पुसला तर ट्रे पांढरा पडून चिकट झाला, पॉलिस्टायरीन होता, ॲसिटोनमध्ये विरघळणारं प्लास्टिक. परत घेतला नाही. पोर्सेलीनची जुनी स्पॉट टाइलच (तसेच खड्डे असलेली) काढली माळ्यावरून.

सीनियर मॅडमचं म्हणणं, कंपनीत गेल्यावर पोरांच्या हातात ५० मिलीचीच ब्युरेट येणार. पटलं, म्हणून ॲसिड-बेसचं टायट्रेशन मोठ्या ब्युरेटवरच ठेवलंय, त्यातलं न्यूट्रल मीठपाणी सिंकमध्ये गेलं तरी चालतं.

पाचपैकी साडेतीन. भाव करा, आणि जीएसटीची पावती आधीच मागा, नाहीतर कॉलेजचं ऑफिस बिल पास करत नाही.