रेझिन नॅसेलच्या नावाखाली १७,७३० रुपयांचा गंडा

स्केल मॉडेल करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. रेझिनचे सुटे भाग कुणा खासगी माणसाकडून मागवणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी वाचा. हिशेब आधीच देतो: चार नॅसेलचा (पंखावरच्या इंजिनाच्या आवरणांचा) सेट ६,४००, प्रोपेलर आणि स्पिनर (प्रोपेलरच्या मधली टोपी) १,८५०, डेकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) १,२००, 'कस्टम' ३,७८०, आणि 'परत मिळणारं डिपॉझिट' ४,५००. एकूण १७,७३०. हातात काय आलं? काहीही नाही.

करत काय होतो ते सांगायलाच हवं, कारण त्या भामट्याने नेमकी तीच नस पकडली. आपल्या नौदलाने १९५३ मध्ये शॉर्ट सीलँड ही छोटी उभयचर विमानं घेतली आणि ती कोचीला ठेवली. त्याच शॉर्ट कंपनीची मोठी फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, ती संडरलँड. ब्रिटिश हवाई दलाने सिंगापूरची शेवटची संडरलँड १९५९ मध्ये निवृत्त केली, न्यूझीलंडने मात्र ती १९६७ पर्यंत उडवली. माझी कल्पना अशी, की सिंगापूरची त्यातली काही आपल्या नौदलाने घेतली असती तर? आणि १९६१ मध्ये विक्रांतबरोबर अलिझे विमानं आली, त्यांच्यात रोल्स-रॉइसचं डार्ट टर्बोप्रॉप होतं. कानपूरला बनणाऱ्या अ‍ॅव्रो ७४८ मध्येही डार्टच. म्हणजे इंजिन देशात, सुटे भाग देशात, दुरुस्ती करणारे हातही देशात. मग संडरलँडची जुनी पिस्टन इंजिनं, पेगॅसस, काढून चार डार्ट बसवलेली, तिरंगी वर्तुळं रंगवलेली नौदलाची संडरलँड, असं मॉडेल करायचं होतं! इंजिन बदलणं या विमानाला नवीनही नव्हतं. युद्धात पेगॅसस सतत जास्त ताकदीवर चालवावं लागायचं आणि लवकर झिजायचं, म्हणून मार्क ५ या आवृत्तीला अमेरिकन ट्विन वास्प इंजिन बसवलं. आपल्या डाकोटात होतं तेच कुळ.

इटालेरीचं १/७२ चं किट माझ्याकडे आधीपासून होतं. पंखांचा पसारा जवळजवळ ४८ सेंटीमीटर. अडचण फक्त नॅसेलची. पेगॅससचा व्यास साधारण १४० सेंटीमीटर, म्हणजे १/७२ मध्ये साडेएकोणीस मिलिमीटर. डार्ट जेमतेम ९६ सेंटीमीटरचं, म्हणजे साडेतेरा मिलिमीटरही नाही. जाड पंखातून निघून तेवढ्या बारीक तोंडापर्यंत निमुळती होत जाणारी नॅसेल हवी, तीही एकसारखी चार. हाताने घडवली तर चौघी चार प्रकारच्या होणार. म्हणून मी तयार सेट शोधत होतो.

तेव्हा 'दादा, माझ्याकडे आहे' म्हणत हा मनुष्य आला. बोलायला अत्यंत नम्र. त्याला अलिझे माहीत, अ‍ॅव्रो माहीत, सीलँडसुद्धा माहीत. एवढं बोलणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? त्याने मापांचा एक कागद पाठवला, पंखाच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर काप घ्यायचा ते रेषा आखून. वर निरोप, 'कापून ठेवा दादा, माल आला की एका संध्याकाळी बसेल.' आणि मी कापलं. चारही पेगॅससची काउलिंग, म्हणजे पुढची आवरणं, रेझर सॉने (बारीक करवतीने) उतरवली. जो माणूस काप कुठे घ्यायचा ते मिलिमीटरमध्ये सांगतो, त्याच्याकडे वस्तू असणारच, हा माझा विचार होता. आजही मला त्यात काही वेडेपणा दिसत नाही. विश्वास ठेवल्याशिवाय हा छंद चालतच नाही.

पण तो फोटो. त्या फोटोवरून मला अजून झोप लागत नाही. करड्या रेझिनच्या चार नॅसेल, हिरव्या कटिंग मॅटवर ओळीने मांडलेल्या. डार्टची हवा स्पिनरच्या मागे गोल फटीतून आत जाते, सगळीकडून सारखी. फोटोतल्या नॅसेलला स्पिनरच्या खाली हनुवटीसारखं तोंड होतं. ते डार्ट असूच शकत नाही. ती सी-१३० या मालवाहू विमानाची नॅसेल. मी ते पाहिलं. फोटो मोठा करून पाहिला. विचारलंही, 'खाली इनटेक कसा?' उत्तर आलं, 'दादा, कॅमेऱ्याचा अँगल आहे, सावली पडली आहे.' सावली! सावलीला कडा असतात का? सावलीच्या आत पॅनेल लाइन (पत्र्याच्या सांध्याची रेघ) कोरलेली असते का? मी त्या क्षणी फोन ठेवायला हवा होता. तेव्हा पंख कापून झाले होते आणि ८,२५० रुपये गेले होते, म्हणून मी स्वतःचीच समजूत घातली. नंतर तोच फोटो इमेज सर्चला टाकला, तर परदेशातल्या एका मॉडेलरच्या सी-१३० च्या कामाचा निघाला. हे शोधायला मिनिटभर लागतं. फोटो आला की आधी तो इमेज सर्चला टाका. आणि हाताने आजची तारीख लिहिलेला कागद मालाशेजारी ठेवून नवा फोटो मागा. ज्याच्याकडे माल आहे तो देईल.

मग डेकलचे १,२०० घेतले. मग 'कस्टममध्ये अडकलं'. सुरुवातीला हाच म्हणाला होता की माल बेंगळुरूत त्याच्या टेबलावर आहे! टेबलावरच्या मालाला कसलं कस्टम? त्यावर तो म्हणाला की प्रोपेलर बाहेरून येतायत. आणि आपल्याकडे ते खरं वाटतंच, कारण स्केल मॉडेलसुद्धा कस्टमच्या यादीत खेळण्यांच्या शीर्षकात, ९५०३ मध्ये मोडतात, आणि खेळण्यांवरची ड्युटी सरकारने २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केली. सरळ मार्गाने किट मागवणं इतकं अवघड करून ठेवल्यावर लोक आडमार्गाने विचारणारच, आणि आडमार्गावर हे टपलेले असणारच. ३,७८० म्हणजे तोवर दिलेल्या ९,४५० चे बरोबर ४० टक्के, हेही मी नंतर पाहिलं. खरी ड्युटी पोस्ट किंवा कुरिअर पावतीसह घेतं. कुणाच्या मेव्हण्याच्या क्यूआर कोडवर कस्टम भरलं जात नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव विक्रेत्याचं नसेल तर पैसे पाठवू नका, कारण काहीही सांगो. शेवटचे ४,५०० त्याने 'पार्सल मिळाल्यावर परत' म्हणून नेले आणि ट्रॅकिंग नंबर दिला. तो नंबर कुठल्याच कुरिअरकडे नव्हता.

आता यंत्रणेबद्दल. पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावरच्या साहेबांनी सगळं ऐकून विचारलं, 'काका, खेळण्याच्या विमानासाठी सतरा हजार?' बाजूचे दोघे हसले. माझ्या पैशांनी मी काय घ्यावं हा तपासाचा मुद्दा आहे का? कुणाची सोन्याची चेन गेली की 'एवढं सोनं कशाला घालता' म्हणून हाकलता का? नंतर सांगण्यात आलं की खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, इथे तक्रार घेता येणार नाही. हे साफ खोटं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यावीच लागते. फसवणुकीला न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. कलमं सांगितली तर उत्तर मिळालं, 'तुम्ही वकील आहात का?' शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि 'कळवू' म्हणाले. अजून कळवतायत.

बँक तर त्याहून वरचढ. ऑनलाइन फसवणुकीत खातेदाराची जबाबदारी मर्यादित ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवलं, तर शाखेतली बाई म्हणाली की ते खातेदाराच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे, 'पिन तुम्हीच टाकलात ना, सर?' हो, मीच टाकला. फसवणूक म्हणजे तेच असतं, बाई! माणसाला फसवूनच पिन टाकायला लावतात. मग ज्या खात्यात पैसे गेले ते तुमच्याच बँकेचं असताना खातेदाराचं केवायसी कुणी केलं, हा प्रश्न विचारला. त्याला उत्तर नाही, 'हेड ऑफिसला मेल करा'. मेल केला. त्याचं उत्तर म्हणून यंत्राने लिहिलेले दोन परिच्छेद आले. बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, ते मी केलं आहे. शाखेत हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

कुणाच्या बाबतीत असं घडलं तर शंका आल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. कुरिअरची वाट पाहत बसू नका, मी पाहत बसलो आणि तेवढ्यात खातं रिकामं झालं. पैसे खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात. चॅट पुसू नका, समोरचा 'गैरसमज झाला, डिलीट करा' म्हणाला तर मुळीच नको. युटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) प्रत्येक व्यवहाराचा वेगळा लिहून ठेवा, एकत्र बेरीज कुणी घेत नाही. आणि माल हातात येईपर्यंत किटवर करवत चालवू नका.

नाशिकच्या एका मॉडेलरलाही याच माणसाने गंडवल्याचं मला नंतर समजलं. त्यालाही तोच मापांचा कागद, हिरवी कटिंग मॅट, मेव्हण्याचा क्यूआर. त्या मॉडेलरने तक्रार केली नव्हती, 'लोक हसतील' म्हणून. लोक हसतात, मी पाहिलंय. तरीही सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर आपापल्या गावातून तक्रार नोंदवा आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील त्यात लिहा. एकाच खात्यावर पाच-सहा तक्रारी साठल्या की कुठल्याही साहेबाला 'किरकोळ रक्कम' म्हणून फाइल बाजूला सारता येणार नाही. माझ्या तक्रारीत तो तपशील लिहिलेला आहे, तुमची त्याच्याशी जुळू द्या.