कुपवाडच्या शेडसाठी फ्लक्स कोअर वायर: सीमवाली घ्यावी की सीमलेस?

साखर कारखान्यांचं ओव्हरहॉलिंग पावसाळ्यात चालतं, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होतं. म्हणजे कुपवाड, मिरज, पलूसच्या शेडमध्ये जाड प्लेटची कामं येतात ती हवा सगळ्यात दमट असताना. फ्लक्स कोअर वायर, म्हणजे पोटात फ्लक्सची (वेल्डला जपणारी) पावडर भरलेली वेल्डिंग वायर, ठरवताना आधी हे लक्षात घ्या.

सीमवाल्या वायरमध्ये पट्टी दुमडून आत फ्लक्स भरलेला असतो. त्या दुमडीच्या फटीतून (सीममधून) ओलावा आत शिरतो, ओलाव्यातून वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि त्याने जाड सांध्याला तडा जाऊ शकतो. स्पूल शनिवारी फीडरवर तसाच राहिला, सोमवारी पुन्हा चालवला, की पुडक्यावरच्या ‘एच 8’ला (हायड्रोजनची कमाल मर्यादा) फारसा अर्थ उरत नाही. पण ती स्वस्त आहे, कुठेही मिळते, आणि 10-12 मिमीच्या आयएस 2062 या साध्या स्ट्रक्चरल स्टीलच्या कामाला पुरते. तिथे जास्त पैसे घालू नका.

सीमलेस वायर म्हणजे बंद नळी, वरून तांब्याचा मुलामा. आतल्या फ्लक्सपर्यंत हवा पोचतच नाही. ‘एच 4’ म्हणजे 100 ग्रॅम जमा धातूत जास्तीत जास्त 4 मिलिलिटर हायड्रोजन. किंमत जास्त, हे खरं. पण 40 मिमीच्या सांध्यात तडा गेला तर गाउजिंग (खराब वेल्ड खोदून काढणं), ग्राइंडिंग आणि पुन्हा वेल्डिंगचा खर्च वायरच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त होतो. शिवाय हायड्रोजनचा हा तडा लगेच दिसत नाही, म्हणून जाड जॉबची अंतिम तपासणी 48 तासांनी करा.

टी-5 प्रकारची, म्हणजे बेसिक फ्लक्सची वायरही कमी हायड्रोजनची. पण उभ्या आणि डोक्यावरच्या वेल्डिंगला रुटाइल फ्लक्सच्या वायरइतकी सोपी नाही.

वायर कुठलीही घ्या, स्टिकआऊट (टॉर्चच्या टिपेबाहेर आलेली वायरची लांबी) फार आखूड ठेवू नका. 20 मिमीच्या आसपास ठेवला तर वायर चापापर्यंत (आर्कपर्यंत) पोचण्याआधीच तापते, तिच्यावरचं वंगण आणि ओलावा थोडा उडतो. आखूड स्टिकआऊट आणि जास्त करंट या जोडीने हायड्रोजन वाढतो.

आणि प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगआधी प्लेट तापवणं. थंड प्लेटवर बर्नर धरला की पाण्याचा थर उमटतो. ते जळणाऱ्या गॅसचंच पाणी असतं. तो थर सुकला म्हणजे प्रीहीट झालं, असं समजून बरेच वेल्डर लगेच सुरू करतात. तसं करू देऊ नका. टेम्परेचर चॉकने (ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने) सांध्यापासून 75 मिमीवर तपासा.

माझं मत विचाराल तर जाड, ताठ जखडलेल्या सांध्यांना सीमलेसच. बाकी कामाला सीमवाली चालेल, पण उरलेला स्पूल कोरड्या कपाटात बंद ठेवा, आणि विक्रेत्याकडून त्या बॅचचं हायड्रोजन टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या.