द हंटिंग पार्टी : खून कोणी केला यापेक्षा कोणाचा झाला

लूसी फोली यांच्या ‘द हंटिंग पार्टी’ या इंग्रजी रहस्यकादंबरीत पहिल्याच प्रकरणात प्रेत सापडतं. तारीख २ जानेवारी २०१९. जागा स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ भागातली लॉख कॉरिन नावाची काल्पनिक एस्टेट. बर्फामुळे येण्याजाण्याची वाट बंद. पाहुण्यांपैकी कुणीतरी बेपत्ता होतं, त्याचा शोध संपल्याचं गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या रानाची राखण करणारा, डग व्यवस्थापक हेदरला येऊन सांगतो, आणि हा साधा अपघात नाही एवढंही लगेच कळतं. नाव मात्र लेखिका बऱ्याच उशिरापर्यंत दाबून ठेवते. त्यामुळे खून कोणी केला याच्या आधी आपण मेलं कोण हे शोधत बसतो. पुस्तकाची खरी ताकद इथे आहे, आणि वाचकांमध्ये त्याबद्दल दोन तट पडतात तेही इथेच.

मंडळी बहुतेक ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या ओळखीची. आता तिशीत आलेली, दरवर्षी नववर्षाला एकत्र जमणारी. मिरांडा आणि तिचा नवरा ज्युलियन, मिरांडाची सगळ्यांत जुनी मैत्रीण केटी, मार्क आणि त्याची जोडीदार एमा, निक आणि त्याचा अमेरिकन जोडीदार बो, समीरा आणि जाइल्स. मोठी माणसं नऊ, शिवाय समीराचं तान्हं बाळ प्रिया. एस्टेटवर हेदर, डग आणि पडेल ते काम करणारा इयन. यांच्याशिवाय आइसलंडहून आलेलं एक जोडपं आहे, ज्यांना या कंपूशी काही घेणंदेणं नाही. पहिल्या पन्नासेक पानांत ही सगळी नावं अंगावर येतात. ‘कोण कोणाचं तेच कळेना’ म्हणून पुस्तक खाली ठेवणारे बहुतेक जण इथेच ठेवतात. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने जोड्या लिहून काढा आणि प्रत्येकापुढे तो किंवा ती या गटात कधी आली तेवढं टिपा. ही दुसरी नोंद पुढे फार कामाला येते. एमा गटात सगळ्यांत नवी आहे आणि या सहलीची सगळी व्यवस्था तिनेच केली आहे, हे तर सुरुवातीलाच उघड आहे.

काळाची मांडणी समजून घेतली तर अर्धी अडचण संपते. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव असतं. ३० डिसेंबर २०१८ पासून एक धागा पुढे सरकतो, आणि मधूनमधून २ जानेवारीचा धागा येतो. हेदर, एमा, केटी आणि मिरांडा ‘मी’ म्हणून बोलतात, डगची प्रकरणं तेवढी तृतीयपुरुषी. २ जानेवारीची बाजू हेदर आणि डगकडे ठेवण्यात लेखिकेची खरी हुशारी दिसते. हेदर या लोकांना जेमतेम तीन दिवस ओळखते. तिने मृताचा उल्लेख ‘पाहुणा’ एवढाच केला तरी ते कृत्रिम वाटत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते सगळे पाहुणेच आहेत. हीच प्रकरणं केटीच्या तोंडी असती तर नाव लपवणं चौथ्या पानावर खोटं पडलं असतं.

तरीही एक तक्रार खरी आहे. ‘मी’ म्हणून बोलणारं माणूस स्वतःच्या मनातली मोठी गोष्ट वाचकापासून लपवतं, तेव्हा फसवल्यासारखं वाटतं. इथे ते होतं, आणि एकापेक्षा जास्त पात्रांकडून होतं. शेवट उलगडल्यावर मागची पानं चाळून पाहिली तर बहुतेक ठिकाणी वाक्यं अशी बेतलेली दिसतात की खोटं कुठे सांगितलेलं नाही, फक्त पुढचं सांगायचं टाळलं आहे. दोनतीन जागी मात्र ताण जाणवतो. जे पात्र त्या क्षणी दुसऱ्या कशाचा विचार करूच शकलं नसतं, ते खोलीच्या सजावटीचं वर्णन करत बसतं. कोडं सोडवायचंच असेल तर कोण कुठे होतं याच्या मागे फार लागू नका. कोणाला कोणती जुनी गोष्ट माहीत आहे आणि ती त्यांना कशी कळली असेल, यावर नजर ठेवा. संकेत तिथेच पेरलेले आहेत.

मैत्रीचं चित्रण मात्र पुस्तकातली सगळ्यांत उत्तम गोष्ट आहे, आणि रहस्यकथा म्हणून वाचणाऱ्यांच्या अभिप्रायात नेमकं तेच मागे पडतं. मिरांडा देखणी, सगळ्यांच्या नजरा स्वतःवर खेचणारी, आणि विद्यार्थिदशेतली ती जागा अजून आपलीच आहे असं समजणारी. केटी एके काळी तिच्या सावलीत होती, आता यशस्वी वकील आहे. दोघींमधलं पारडं कधीच फिरलं आहे, पण दोघीही जुन्याच भूमिका वठवत राहतात. जुने मित्र भेटले की पहिल्या संध्याकाळी सगळे जुने किस्से उगाळतात आणि दुसऱ्या दिवशी बोलायला काही उरत नाही, तो दुसऱ्या दिवसाचा अवघडलेपणा फोली यांनी अचूक पकडला आहे. ‘एकही पात्र आवडत नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. आवडू नये अशीच ती लिहिली आहेत. अडचण वेगळी आहे. नऊ जणांपैकी फक्त तिघींना आवाज मिळाला आहे. समीरा आणि जाइल्स तर बाळाच्या दुपट्यापलीकडे फारसे दिसतच नाहीत. त्यामुळे संशयितांची यादी कागदावर लांब आणि प्रत्यक्षात आखूड होते. सराईत वाचक साठ टक्के पुस्तकातच दोन नावांवर येऊन थांबेल.

जागेचा वापर अभ्यासपूर्ण आहे. डिसेंबरअखेर हायलँड्समध्ये सकाळी नऊच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणजे उजेड जेमतेम सात तास. पुस्तकात सतत अंधार का, याचं उत्तर हे आहे. जिथे सार्वजनिक रस्ता पोचत नाही अशी जागा ब्रिटनमध्ये उरली आहे का, अशी शंका येऊ शकते. वेस्ट हायलँड रेल्वेमार्गावरचं कोरूर हे स्थानक तसंच आहे, तिथे सार्वजनिक गाडीरस्ता नाही. २ जानेवारीलाही स्कॉटलंडमध्ये सुट्टी असते, इंग्लंडमध्ये नसते. बर्फ, सुट्टी आणि अंतर एकत्र आल्यावर मदत उशिरा पोचते हे पटतं.

शिकारीचा भागही नियमांना धरून आहे. तांबड्या हरणाच्या माद्यांचा मोसम स्कॉटलंडमध्ये २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असतो, तेव्हा डिसेंबरअखेरची शिकार कायद्यात बसते. अशा एस्टेटवर पाहुण्याकडे स्वतःचा बंदूक परवाना नसला तरी एस्टेटची रायफल तिथल्या जबाबदार माणसाच्या उपस्थितीत वापरता येते. आधी लक्ष्यावर गोळी झाडून हात तपासला जातो, मग वारा तोंडावर घेत, ओल्या गवतातून सरपटत कळपाजवळ जायचं असतं. हे ठाऊक असेल तर डग या शहरी मंडळींवर सतत का करवादतो ते कळतं, आणि घरात रायफली आहेत ही गोष्ट मनात टोचत राहते.

जे जमलं नाही तेही सांगायला हवं. परिसरात फिरणाऱ्या ‘हायलँड रिपर’ नावाच्या खुन्याचा धागा संशय वाढवण्यापुरता आणला आहे, तो कथेच्या अंगात मुरत नाही. एस्टेटवरच्या कर्मचाऱ्यांचं उपकथानक घाईने गुंडाळलं आहे. डगचं सैन्यातलं पूर्वायुष्य आणि हेदरचं दुःख दोन्ही मनापासून लिहिलंय, पण मित्रांच्या कथेला ते उशिरा भिडतं. शेवटच्या पन्नासेक पानांत रहस्यं इतकी भराभर फुटतात की दोन मोठ्या उलगड्यांमध्ये श्वास घ्यायला जागा राहत नाही.

फोली यांनी याआधी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या होत्या, ही त्यांची पहिली रहस्यकादंबरी. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी, प्रकरणंही फार लांब नाहीत. इंग्रजी थ्रिलर नुकतेच वाचू लागलेल्यांना अवघड जाणार नाही. रोज चार पानं अशा बेताने मात्र वाचू नका, तारखांचा धागा सुटतो. तीनचार लांब बैठकांत संपवा. ऑडिओबुकमध्ये वेगवेगळे आवाज असल्याने पात्रं चटकन ओळखू येतात, पण प्रकरणाची तारीख कानावरून निसटते. गाडी चालवताना ऐकणार असाल तर प्रकरण बदललं की ती नीट ऐका, नाहीतर थोडं मागे जा. वाचून होईपर्यंत नेटवरचे अभिप्राय उघडू नका. खुन्याचं नाव लोक जपून ठेवतात, मृताचं नाव मात्र सहज लिहून टाकतात, आणि या पुस्तकात ते कळलं की निम्मी मजा गेली.

आवडलंच तर २०२० मध्ये आलेली त्यांचीच ‘द गेस्ट लिस्ट’ आहे. आयर्लंडजवळच्या बेटावरचं लग्न, तीच उलटसुलट मांडणी, मृत कोण हे तिथेही झाकलेलं. बांधणी तिची जास्त घट्ट आहे. फक्त दोन्ही लागोपाठ घेऊ नका, मध्ये काही महिने जाऊ द्या, नाहीतर दुसरीतल्या खुणा पहिल्याच वाचनात ओळखीच्या वाटू लागतील.