न फुटलेला बॉम्ब की न फुटलेलं क्षेपणास्त्र? आधी कोणता भयपट बघावा

युद्धकाळातला भुताचा सिनेमा बघायचाय आणि वेळ एकाच रात्रीचा आहे, असं कुणी म्हणालं की माझ्या तोंडी दोनच नावं येतात: 'द डेव्हिल्स बॅकबोन' (२००१) आणि 'अंडर द शॅडो' (२०१६). पहिला स्पॅनिश, दुसरा फारसी. गंमत म्हणजे दोन्हींत आभाळातून पडलेलं मरण न फुटता तसंच राहिलंय, आणि भूत त्यानंतर दिसायला लागतं.

गिएर्मो देल तोरोचा 'बॅकबोन' १९३९च्या स्पेनमधला. यादवी युद्ध शेवटाला आलंय, बंडखोर जनरल फ्रँकोची सरशी होतेय आणि उजाड माळावरच्या एका अनाथाश्रमात हरणाऱ्या बाजूच्या लोकांची पोरं सांभाळली जातायत. अंगणाच्या मधोमध एक भलामोठा बॉम्ब जमिनीत नाक खुपसून उभा आहे. तो निकामी केलाय असं मोठी माणसं सांगतात. पोरांना ते पटत नाही. कान लावला तर त्याचं काळीज धडधडतं म्हणतात. नव्यानं आलेल्या कार्लोसला इथेच सान्ती दिसू लागतो. तडे गेलेल्या चिनी मातीसारखा चेहरा, आणि डोक्याच्या जखमेतलं रक्त खाली ओघळण्याऐवजी वर तरंगत जाणारं, पाण्यात सोडलेल्या शाईसारखं. असं का, ते कळतं तेव्हा भीती जाऊन पोटात कालवतं.

इथला खरा राक्षस जिवंत आहे. हासिन्तो नावाचा गडी, याच आश्रमात लहानाचा मोठा झालेला आणि आता इथे लपवलेल्या सोन्यावर डोळा ठेवून असलेला. त्याच्यापुढे भूत परवडलं. हिंसा मात्र मुलांवर होते आणि कॅमेरा नजर वळवत नाही. ते सोसवत नसेल तर हा सिनेमा सोडा, उगाच मन घट्ट करून बसू नका.

'अंडर द शॅडो' घराबाहेर फारसा पडतच नाही. साल १९८८. इराण-इराक युद्ध आठ वर्षं रेटलं जातंय आणि इराकची क्षेपणास्त्रं थेट तेहरानवर येतायत. शिदेला डॉक्टर व्हायचं होतं, पण इस्लामी क्रांतीच्या काळातल्या डाव्या राजकारणामुळे कॉलेजनं दार लावलं. नवरा डॉक्टर, तो सरकारी हुकमानं आघाडीवर. मागे ती आणि लहानगी दोर्सा. एक क्षेपणास्त्र वरच्या फ्लॅटच्या छतातून आत घुसतं, फुटत नाही. पण तिथले म्हातारे गृहस्थ त्या धक्क्यानंच जातात. शिदेच्या छताला तडा जातो, तो ती चिकटपट्टीनं बुजवते. मग दोर्साची बाहुली हरवते. वाऱ्यासोबत जिन येतात, माणसाची आवडती वस्तू नेतात आणि मग पिच्छा सोडत नाहीत, ही कुजबुज इमारतीत आधीपासून आहेच. शेजारी एकेक करून शहर सोडतात.

एक प्रसंग मी विसरलेलो नाही. घाबरून शिदे पोरीला उचलते आणि रात्री रस्त्यावर धावत सुटते, डोक्यावर काही न घेता. गस्तीवाले पकडतात. तिच्या मागे काय लागलंय हे विचारायचं सोडून तिचं डोकं उघडं का, यावर दरडावणी होते. समज देऊन सोडतात, आणि परत जायचं कुठे, तर त्याच घरात! दिग्दर्शक बाबक अन्वरीचं लहानपण याच युद्धाच्या काळात तेहरानमध्ये गेलं. घरातले तपशील इतके अचूक का, ते त्यावरून कळतं. बंदी असल्यामुळे कपाटात कुलूपबंद ठेवलेला व्हीसीआर बघा.

निवड करताना मी एकच बघतो: भुताला काही म्हणायचंय का? सान्तीला म्हणायचंय. त्याचं गाऱ्हाणं समजलं की आपण त्याच्या बाजूचे होतो, आणि सिनेमा संपताना रडू येतं. तेहरानच्या जिनाला गाऱ्हाणंच नाही, मग समजूत घालणार कशाची? म्हणून तो जास्त घाबरवतो. पण पहिला अर्धा तास नवराबायकोच्या कुरबुरीतच जातो. भूत लवकर हवं असणारे चुळबुळतील.

सैनिकांची गोष्टच हवी असेल तर व्हिएतनाममधल्या कोरियन तुकडीचा 'आर-पॉइंट' (२००४) आहे. सुरुवात झकास, पुढे गुंता होतो. पहिल्या रात्रीसाठी मी तो सुचवणार नाही.

इतिहासाची माहिती नसली तर? स्पेनसाठी वर लिहिलं तेवढं पुरे, तेहरानसाठी तेवढंही लागत नाही. मनाला लागेल असं काही हवं असेल तर 'बॅकबोन' घ्या. नुसतं घाबरायचं असेल तर 'शॅडो'. तो दीड तासाच्या आत आटपतो. माझा कौल 'शॅडो'ला, फक्त हेडफोन लावून बघा. त्यातला वारा साध्या स्पीकरवर अर्धाच ऐकू येतो.