रानातल्या तोबालाच्या नावाखाली: वाहाकाला जाणाऱ्यांनी वाचावं

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात गेलेले बरेच पर्यटक एक दिवसाची व्हॅनची सहल घेतात. तुलेचं अजस्र झाड, तेओतित्लानचे गालिचे, मित्लाचे अवशेष, इएर्वे एल आग्वाचे दगडी धबधबे, आणि मध्येच मातात्लान गावाच्या रस्त्यावर मेस्काल या तिथल्या दारूचा थांबा. आम्हाला लुबाडलं ते या थांब्यावर. त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चोख दारू गाळणारी घरं आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण व्हॅन कुणाच्या दारात उभी करायची ते गाइड ठरवतो.

मी नोकरीनिमित्त मेक्सिकोतच, ग्वादालाहारा शहरात असतो. कागलहून मेहुणा आला होता आणि त्याला ‘जंगली’ झाडाचं मेस्काल घरी न्यायचं होतं.

हा ‘जंगली’ शब्द एवढा महाग का, ते आधी सांगतो. मेस्काल घायपाताच्या कुळातल्या, म्हणजे अगावेच्या झाडांपासून होतं. पानं छाटून उरलेला गड्डा जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर काही दिवस भाजतात, दगडी चाकाखाली चेचतात, लाकडी पिंपात आंबवतात आणि बहुधा दोनदा गाळतात. बाजारातलं बहुतेक मेस्काल एस्पादीन या जातीचं असतं. ते लागवडीचं झाड, सहा-आठ वर्षांत तयार होतं. तोबाला ही जंगली जात. ते झाड डोंगरात, ओकच्या सावलीत, खडकांच्या फटीत वाढतं. त्याचा गड्डा लहान, पक्व व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि ते सहसा फुटवे देत नाही. वंश चालतो तो बियांवर. गड्ड्यातली साखर टिकावी म्हणून झाडाला फुलू न देताच तोडतात, म्हणजे त्याचं बी पडायचा प्रश्नच नाही. तेपेस्ताते नावाच्या जातीला तर पंचवीस वर्षंही लागतात. रानातली झाडं विरळ होत चालली आहेत, भाव चढतो आहे, आणि बाटलीत काय आहे हे नुसतं पाहून कुणालाच कळत नाही.

आमच्या थांब्यावर सगळं मांडून ठेवलं होतं: खड्डा, चाक, चाकापाशी बांधलेला घोडा, पिंपं, तांब्याची भट्टी. गाइडनं पाच मिनिटांत माहिती उरकली आणि टेबलाकडे वळवलं. मेहुण्याच्या घरी उसाचं गुऱ्हाळ. तो पिंपात डोकावून आला आणि हळूच म्हणाला, “दाजी, हितं काय गळत न्हाई बघा. चालू गुऱ्हाळाला वास असतोय, माशा असत्यात, चिपाडं वली असत्यात. ह्यांचं चुलवाण गार पडलंय.” मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, आज सुट्टी आहे. सुट्टी असू शकते, म्हणून आम्ही पुढे गेलो.

विक्रेत्यानं बोरूच्या नळीनं दारू ओढली आणि उंचावरून सुक्या फळाच्या कवचाच्या वाटीत सोडली. वर बुडबुड्यांचा थर आला. त्याला तिथे ‘मोती’ म्हणतात. मोती टिकले की दारू कडक आणि खरी. कितीतरी वेळ ते फुटेनात. बाटलीवर हातानं लिहिलेलं: तोबाला, जंगली, ४८ टक्के. भाव साडेबाराशे पेसो, त्याच टेबलावरच्या एस्पादीनच्या चौपट. रोखच द्यायचे, पावती नाही. आम्ही पैसे मोजत असताना गाइड मागे वहीत काहीतरी टिपून घेत होता.

मोत्यांची परीक्षा थोतांड नाही. २०२० साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये रोबेर्तो सेनित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अल्कोहोल ५५ टक्क्यांच्या आसपास असलं की मेस्कालचे बुडबुडे सगळ्यांत जास्त टिकतात; पाणी वाढलं किंवा अल्कोहोल फार चढलं की लवकर फुटतात. पृष्ठताण कमी करणारा पदार्थ असेल तर मात्र त्यांचं आयुष्य वाढतं, हेही तिथेच आलं आहे. भांडी घासायचा साबण नेमकं तेच करतो.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका मेस्कालच्या दुकानात ती बाटली दाखवली. मालकीणबाईंनी चार थेंब तळहातावर चोळले आणि माझ्या नाकापुढे धरले. वास उडून गेला होता. मग स्वतःकडचं तोबाला दुसऱ्या हातावर चोळलं. त्याला भाजलेल्या गड्ड्याचा गोडसर, धुरकट वास बराच वेळ राहिला. शेवटी त्यांनी आमच्या बाटलीत अल्कोहोल मोजायची काचेची नळी सोडली. ३६ टक्के. एवढ्या पातळ दारूत मोती तसे उभे राहत नाहीत. थोडं एस्पादीन, थोडा उसाचा स्पिरिट, पाणी आणि साबण, हा त्यांचा अंदाज. प्रयोगशाळेशिवाय घटक सिद्ध होणार नाहीत, पण लेबलवरचे ४८ खोटे ठरायला ती नळी पुरेशी होती. सहल कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, “आम्ही दारू विकत नाही.” पावतीच नसल्यानं पुढे काही करता आलं नाही.

खरेदी करणार असाल तर लेबल वाचा. मेस्कालच्या सरकारी मानकानुसार, म्हणजे नॉम-०७० नुसार, प्रमाणित बाटलीवर प्रकार, अगावेची जात, राज्य आणि लॉट क्रमांक हवा. तोबाला असेल तर बहुधा ‘अगावे पोतातोरुम’ लिहिलेलं दिसतं. अल्कोहोल ३५ ते ५५ टक्क्यांच्या आत असतं. प्रकारातही गफलत होते: ‘अन्सेस्त्राल’ म्हणजे मातीच्या भांड्यात थेट आचेवर गाळलेलं, ‘आर्तेसानाल’मध्ये तांब्याची भट्टी चालते. समोर तांब्याची भट्टी दाखवून हातात ‘अन्सेस्त्राल’ची बाटली देत असतील तर विचारा. प्रमाणपत्र नाही म्हणजे माल खोटा, असं मात्र धरू नका. खर्च परवडत नाही म्हणून कितीतरी चांगले गाळणारे त्यात पडत नाहीत आणि कायद्यानं ‘मेस्काल’ऐवजी ‘देस्तिलादो दे अगावे’ असं लिहितात. त्यांना गाळणाऱ्याचं नाव, गाव, झाड कुठल्या डोंगरातलं, कधी गाळलं ते विचारलं की थांबवेपर्यंत सांगत बसतात. आमचा विक्रेता एवढंच म्हणाला, “डोंगरातलं.”

भारतात नेणार असाल तर आणखी एक. विमानात चेक-इन सामानात २४ ते ७० टक्क्यांची दारू चालते, पण दुकानाच्या मूळ सीलबंद बाटलीत. आमच्या बाटलीला नुसतं बूच आणि वर मेण होतं, त्यामुळे ती खरी निघाली असती तरी कागलला पोचली नसती.