38 फुटी जुनी शिडाची बोट: 7 महिन्यांनंतर (आणि मुंबई-मुरुडची एक रात्र)

पावसाळ्याआधी बोट वर काढायची वेळ आली म्हणून आता लिहून टाकतो. तिघांनी मिळून सेकंडहँड घेतलेली स्लूप, म्हणजे एक डोलकाठी, मेनसेल (मुख्य शीड) आणि पुढे गुंडाळता येणारं जिब (छोटं शीड). गेटवेसमोर मूरिंगला (पाण्यातच, तळाशी अडकवलेल्या बोयाला बांधून) असते, त्यामुळे किनाऱ्यावरची वीज नाही, आणि सगळी गडबड तिथेच आहे.

दिवसा मांडव्यापर्यंत जायला बोट झकास, जड आहे त्यामुळे लाटेवर उगाच आपटत नाही. पण फेब्रुवारीत डोक्यात आलं की रात्रीतून मुरुडला जायचं, अंदाजे 40 नॉटिकल मैल. तयारीत चार रविवार गेले. बुडाला चिकटलेले बार्नॅकल (कवचाचे छोटे समुद्री जीव) खरवडले, आणि इंजिनच्या समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) काढून बघितला तर दोन पाती गायब! ती पुढे पायपात जाऊन अडकतात, ती सापडल्याशिवाय नवीन इम्पेलर बसवू नका. आम्हाला एक लगेच मिळालं, दुसरं हीट एक्सचेंजरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या भागाच्या) तोंडातून भुवयांच्या चिमट्याने काढलं (चिमटा बायकोचा, अजून परत दिलेला नाही).

बॅटरीचा हिशोब मात्र कागदावरच केला. विकणारा म्हणाला 200 अँपिअर-तास, "एकदम नव्यासारख्या". लेड-अ‍ॅसिडच्या निम्म्याच वापरायच्या म्हणजे हातात 100. ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) 4 अँपिअर, फ्रीज सरासरी अडीच, डोलकाठीवरचा जुना 25 वॅटचा दिवा 2, प्लॉटर (नकाशाचा स्क्रीन), एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) आणि व्हीएचएफ रेडिओ मिळून 2. नऊ तासांचे साधारण 95. काठावर पास.

साडेआठला ओहोटीबरोबर सुटलो, प्राँग्सचं दीपगृह उजव्या हाताला, पुढे खांदेरी डावीकडे. अकराला वायव्येचा वारा मेला आणि दीड तास नुसतं शीड फडफडतंय, बोट जागच्या जागी डुलतेय, मेव्हणा रेलिंगवर ओणवा. मग मतलई सुरू झाली. जमिनीवरून येणारा वारा, शेकोटीचा वास, समुद्र सपाट आणि बोट साडेपाच नॉटने अशी निघाली की सगळे पैसे वसूल.

कोर्लईच्या आसपास, अडीचला, ऑटोपायलटने एकदा बीप केलं आणि सुकाणू सोडून दिलं. व्होल्टेज 11.6, म्हणजे बॅटऱ्या जवळजवळ संपलेल्या. इंजिन लावून चार्ज करता आलं असतं (त्याची बॅटरी वेगळी आहे) पण त्या वाऱ्यात इंजिनचा आवाज नको वाटला, म्हणून फ्रीज बंद आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावून हातानेच चालवली. खरं सांगू, बरंच झालं, कारण चाकावर माणूस होता म्हणून टॉर्चच्या उजेडात थर्मोकोलचा तुकडा आणि काळं फडकं दिसलं, डोल जाळ्याची (मासेमारीच्या पिशवीसारख्या जाळ्याची) खूण. एआयएसवर तिथे काहीच नव्हतं. त्यानंतर एक जण कायम पुढे नाळेवर. उजाडेपर्यंत बाहेरच घुटमळलो, मग राजपुरी खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला, समोर जंजिरा.

नंतर बॅटऱ्या बदलल्या, वरचा दिवा एलईडी केला, 100 वॅटचे दोन सोलर पॅनल लावले. आता रात्रभर चालवून सकाळी 12.4 दिसतं. घ्यायची असेल तर विकणाऱ्याला सांगा की संध्याकाळी सगळे स्विच ऑन ठेव, मी सकाळी येऊन मीटर बघतो. तो कुरकुरला तर बॅटऱ्यांचे पैसे किमतीतून कापा.

फ्रीज रात्री बंदच असतो. बिअर बर्फ भरलेल्या मासळीच्या पेटीत, वास येतो पण थंड राहते.